हिंगण्याची मावशी

'माय मरो, पण मावशी जगो' अशी मराठीत एक जुनी म्हण आहे. ती प्रथम ऐकली म्हणजे काहीशी कठोर वाटते. कारण आईच्या मरणाची इच्छा कोण करील? परंतु म्हणीचा सारा रोख मावशीच्या मायेवर आहे. आई दुरावली तरी मावशी आहे तोवर लेकरू पोरके होत नाही, हा तिचा भावार्थ होय. आईची माया आपल्या लेकरांपुरती राहिली तरी कोणी तिला नावे ठेवीत नाही. मावशीची माया मात्र दुसरीच्या लेकरावर केलेली असते. म्हणूनच तिचे मोल निराळे.

पुण्यापासून सुमारे चार मैलांवर हिंगणे नावाचे एक लहानसे खेडे होते. आज ते पुणे शहरात मिसळून गेले असून त्या भागाला कर्वेनगर म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी या खेड्याच्या माळरानावर एक आश्रम उभा राहिला. तेथे राहणाऱ्या मुलींपैकी कित्येकींना आईबाप होते, सासर होते, माहेर होते. आणि तरीही कोठे हक्काने पाय ठेवावा अशी जागा नव्हती. कारण त्या बालविधवा होत्या. अशा मुलींना पोटाशी धरणारी एक स्त्री त्या आश्रमात होती. तिचे नाव पार्वतीबाई आठवले. नात्याने त्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या मेहुणी, आणि कर्व्यांच्या शंकर, दिनकर व भास्कर या मुलांच्या सख्ख्या मावशी. परंतु त्यांचे मावशीपण या भाच्यांपाशी थांबले नाही.

पार्वतीबाईंचा जन्म १८७० साली कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुख या गावी झाला. माहेरचे आडनाव जोशी. घरी श्रीमंती नव्हती. पण देवपूजा, व्रतवैकल्ये, उपासतापास, आल्यागेल्याचा आदर हे सारे निष्ठेने पाळले जाई. पहाटे उठावे, सडासारवण करावे, तुळशीला पाणी घालावे, विहिरीचे पाणी भरावे, थोरांचा शब्द झेलावा, असे त्या काळच्या मुलींचे शिक्षण असे. पाटीपेन्सिलीचा त्यात समावेश नव्हता. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा उघडली होती खरी. परंतु त्या शाळेचे वारे कोकणातील घराघरांत पोहोचायला अजून पुष्कळ अवकाश होता. अकराव्या वर्षी पार्वतीबाईंचे लग्न झाले आणि त्या जोश्यांच्या आठवल्यांकडे गेल्या. तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती.

संसार फार दिवस टिकला नाही. वयाची वीस वर्षे झाली न झाली तोच पतीचे निधन झाले. पदरी लहान मुलगा घेऊन त्या माहेरी परतल्या.

त्या काळी उच्चवर्णीय समाजात विधवेचे जिणे कसे असे, याची आज कल्पनाही करवत नाही. पती गेला की तिचे केस काढून टाकीत. याला केशवपन म्हणत. अंगावर लालसर रंगाचे जाडेभरडे आलवण येई. दागदागिने जात, कुंकू पुसले जाई. दिवसातून एकदाच जेवावे, हळदीकुंकवाला जाऊ नये, मंगलकार्यात पुढे येऊ नये, बाहेर निघालेल्या माणसाच्या समोर जाऊ नये, अशी बंधने तिच्यावर पडत. जन्मभर राबूनही तिच्या वाट्याला 'अपशकुनी' हा शब्द येई. आश्चर्य असे, की हे सारे सोसणारी स्त्रीदेखील ते अन्यायाचे मानीत नसे. हे आपल्या पूर्वकर्माचे फळ आहे आणि निमूटपणे सोसणे हाच आपला धर्म आहे, अशी तिची समजूत असे. पार्वतीबाईही याच समजुतीत वाढल्या होत्या. विधवेचे सर्व नियम त्यांनी काटेकोरपणे पाळले.

जोश्यांच्या घरावर हा आघात नवा नव्हता. पार्वतीबाईंची थोरली बहीण गोदू हीसुद्धा अगदी लहानपणी विधवा झाली होती. तिचा भाऊ नरहरपंत मुंबईस होता. त्याने धाडस करून तिला मुंबईला नेले. पंडिता रमाबाई यांनी १८८९ साली मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठी 'शारदासदन' उघडले, तेव्हा गोदूबाई त्या संस्थेत दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी ठरली. पुढे शारदासदन पुण्यास आले आणि गोदूबाईही पुण्यास आली. ११ मार्च १८९३ या दिवशी नरहरपंतांचे मित्र, फर्ग्युसन कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. लग्नानंतर तिचे नाव आनंदीबाई ठेवण्यात आले. पुढे सारे तिला 'बाया' म्हणू लागले.

विधवेने पुन्हा लग्न करणे हे तेव्हा घोर पाप समजले जाई. कर्व्यांचे गाव मुरूड. तेथील लोकांनी कर्वे कुटुंबाला वाळीत टाकले. जो कर्व्यांच्या पंक्तीला बसेल, तोही वाळीत, अशी स्थिती झाली. धर्म सोडला, कुळाला बट्टा लावला, असे लोक उघड बोलत.

अशा त्या वाळीत टाकलेल्या घरी राहावयास जायचे की नाही, असा प्रश्न काही वर्षांनी पार्वतीबाईंपुढे उभा राहिला. एका बाजूला त्यांची श्रद्धा होती, आचारविचार होते, लोकनिंदेचे भय होते. दुसऱ्या बाजूला मुलाचे शिक्षण होते आणि आपल्या पायांवर उभे राहण्याची इच्छा होती. त्यांनी मन घट्ट केले. १८९६ च्या सुमारास, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, मुलाला घेऊन त्या पुण्यास बहिणीच्या घरी आल्या. मुलाच्या बरोबरीने आईनेही पाटी हातात घेतली. सव्विसाव्या वर्षी मुळाक्षरे गिरवावयाची, ज्या वयात इतर बायका मुलांचा अभ्यास घेतात त्या वयात स्वतः धडा पाठ करावयाचा, यात संकोच वाटण्याजोगे पुष्कळ होते. पण ज्याला खरोखर शिकावयाचे असते, त्याला संकोच फार काळ अडवू शकत नाही.

या दोघी बहिणींचे मार्ग निराळे होते. बायांनी पुनर्विवाह केला होता. पार्वतीबाईंनी तो न करण्याचा निश्चय केला होता. बायांनी जुने आचार मागे टाकले होते. पार्वतीबाई ते पाळीत होत्या. परंतु मते निराळी असली म्हणून मने दुरावली पाहिजेत असे नाही. एकीच्या उपयोगी दुसरीने पडावे, हाच त्या घराचा नियम झाला. बायांना परिचारिकेचे व सुईणीचे शिक्षण घेण्यासाठी नागपूरला जावयाचे होते. घर कोणी सांभाळावे? ते पार्वतीबाईंनी सांभाळले. ज्या घरी पाणी प्यावयास लोक कचरत, त्या घरची चूल एका सोवळ्या विधवेने आनंदाने पेटती ठेवली.

याच काळात कर्व्यांच्या मनात एक मोठे कार्य आकार घेत होते. थोड्या विधवांचे पुनर्विवाह झाल्याने सर्व विधवांचे दुःख दूर होणार नव्हते. प्रत्येक विधवेला लग्न करावयाचे असते असेही नाही. तिला शिकवावे, स्वावलंबी करावे, मग तिच्या आयुष्याचा निर्णय तिने घ्यावा, असे त्यांना वाटू लागले. या विचारातून १८९६ साली 'अनाथ बालिकाश्रम मंडळी' ही संस्था स्थापन झाली. कर्व्यांनी आपली साठवलेली रक्कम तर दिलीच. पण स्वतःच्या आयुष्याच्या विम्याची पाच हजार रुपयांची पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून दिली. पुढे पुण्यात प्लेगने थैमान घातले. शहरात मुली ठेवणे धोक्याचे झाले, तेव्हा १९०० साली आश्रम हिंगण्याला नेण्यात आला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी तेथील सहा एकर जमीन दिली होती. त्या माळावर एक साधी झोपडी बांधण्यात आली. मुलींचे वर्ग, स्वयंपाक, निजणे, सारे तिच्यातच. कर्वे दिवसा कॉलेजात शिकवीत आणि संध्याकाळी आश्रमाचे सामान घेऊन चार मैल पायी हिंगण्यास जात. पावसाळ्यात त्या वाटेवर गुडघाभर चिखल असे. ती झोपडी आजही संस्थेच्या आवारात जपून ठेवलेली आहे.

शिक्षण झाल्यावर पार्वतीबाईंनी या आश्रमाच्या कार्याला वाहून घेतले. वेणूबाई नामजोशी, काशीबाई देवधर यांच्यासारख्या आणखी काही विधवा भगिनीही त्या कार्याला लागल्या. आश्रम चालविणे म्हणजे केवळ वर्ग घेणे नव्हे. पहाटे उठल्यापासून दिवा मालवेपर्यंत कोठीची व्यवस्था, स्वयंपाकघर, आजाऱ्यांची शुश्रूषा, भांडणांचा निवाडा आणि रडणाऱ्यांची समजूत ही सारी कामे एकाच वेळी पाहावी लागतात.

एखादी नवी मुलगी आश्रमात येई, तेव्हाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. वय बारा-तेरा वर्षांचे. डोक्यावरून पदर पुढे ओढलेला. मान खाली. आजवर 'पुढे येऊ नको, मागे हो' एवढेच तिने ऐकलेले. तिला पोहोचवावयास आलेला बापही मनातून भ्यालेला. कारण 'कर्व्यांचा आश्रम म्हणजे धर्मबुडवेपणा' असे गावात त्याने ऐकलेले. आणि दारात त्यांना भेटे ती त्याच मुलीसारखी एक विधवा: तसेच आलवण, तसेच केशवपन केलेले मस्तक, तोच आचार, तोच नेम. बापाची धास्ती तेथेच ओसरे. आश्रमाने कोणाचे आचार मोडण्याचा आग्रह धरला नव्हता आणि पुनर्विवाह जुळविण्याचे कामही अंगावर घेतले नव्हते. ज्याला व्याख्यानाने पटत नसे, त्याला पार्वतीबाईंकडे पाहून पटे. मुलीला तर त्याहून अधिक काही मिळे. आपल्यासारखीच एक बाई लिहिते, वाचते, हिशेब ठेवते, चार माणसांत ताठ मानेने बोलते, हे ती प्रथमच पाही. पोरक्या जिवाला धीर यावयास तेवढे पुरेसे असते.

आरंभीच्या काळात आश्रमात प्रामुख्याने ब्राह्मण कुटुंबांतील मुली येत. सर्व जातीधर्मांच्या मुलींसाठी तेथील शिक्षणाची दारे पुढे उघडली. चांगल्या कार्याचीही वाढ टप्प्याटप्प्याने होत असते. पहिल्या टप्प्याचे श्रेय देताना त्याच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्या लागतात.

आश्रमाला पैसा लागे आणि पैशाची तर सदाच चणचण. तेव्हा पार्वतीबाईंनी भिक्षेची झोळी उचलली. मधुकरी मागणारा विद्यार्थी स्वतःसाठी मागतो. या बाई दुसऱ्यांच्या लेकींसाठी मागत. गावोगावी जावे, कोणाच्या तरी ओटीवर किंवा देवळाच्या सभामंडपात बायका-पुरुषांना जमवावे, विधवांची स्थिती साध्या घरगुती भाषेत सांगावी आणि जे मिळेल ते आश्रमात आणून जमा करावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. पंधरा-वीस वर्षांपूर्वी जिला स्वतःची सही करता येत नव्हती, ती स्त्री आता सभेत उभी राहून बोलत होती. कोठे आदर होई, कोठे उपेक्षा. पण मागणाऱ्याने मान-अपमान घरी ठेवूनच बाहेर पडावे लागते. गोरगरिबांच्या घरचा एक आणाही आणि सावकाराचे दहा रुपयेही आश्रमाच्या वहीत सारख्याच आस्थेने नोंदले जावयाचे.

या दौऱ्यांत पार्वतीबाईंच्या वेषाचा मोठा उपयोग होई. केशवपन केलेली, नेमधर्म पाळणारी विधवा शिक्षणाचा पुरस्कार करते, तेव्हा जुन्या विचारांची माणसेही ऐकून घेत. परंतु जसजसे वाचन वाढले, अनुभव वाढला, तसतसा एक प्रश्न त्यांना सतावू लागला. केस काढल्याने देव प्रसन्न होतो काय? ज्या रूढीने अजाण मुलींची विटंबना होते, ती आपणच आपल्या अंगावर वागवीत राहिलो, तर या मुलींना आपण काय शिकविले? रूढी म्हणजे धर्म नव्हे, हे त्यांना कळून चुकले. पण कळणे निराळे आणि वागणे निराळे. त्यांनी केस वाढविले असते, तर 'पाहा, शेवटी ही बाईही बिघडली. आता हीही लग्न करील' असे लोक म्हणाले असते. स्वतःची निंदा त्यांनी सोसली असती. पण तिच्यामुळे एखाद्या बापाने आपल्या मुलीला आश्रमात पाठविण्याचे थांबविले असते तर? म्हणून पुष्कळ वर्षे त्या थांबल्या.

अखेर १९१२ साली त्यांनी केशवपन सोडून दिले. तेव्हा त्यांचे वय बेचाळीस वर्षांचे होते आणि त्या रूढीत त्यांची दोन दशके गेली होती. हा निर्णय त्यांनी घेतला तो श्रद्धा ढळली म्हणून नव्हे. देवावरचा त्यांचा विश्वास पूर्वीइतकाच दृढ होता, पुनर्विवाह न करण्याचा निश्चय तसाच होता आणि सेवेचे व्रतही तसेच चालू होते. फरक एवढाच, की आजवर त्या धर्म पाळीत होत्या तो इतरांनी सांगितलेला. आता पाळू लागल्या तो स्वतः विचार करून स्वीकारलेला. तसे पाहिले तर धर्म बुडविण्यासाठी नव्हे, तर धर्मातील कचरा झाडण्यासाठी केलेले ते धाडस होते. आश्रमाचे कार्य त्यामुळे थांबले नाही. ते वाढतच गेले.

१९१६ साली कर्व्यांनी स्त्रियांचे विद्यापीठ स्थापन केले. कामाचा व्याप वाढला, गरजाही वाढल्या. आपल्याला इंग्रजी आले, परदेशातील संस्था पाहता आल्या, तेथे जाऊन मदत मागता आली, तर आश्रमाला उपयोग होईल, असे पार्वतीबाईंच्या मनाने घेतले. आणि १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या एकट्या अमेरिकेस निघाल्या.

महाराष्ट्रातील स्त्रिया त्यापूर्वी अमेरिकेस गेल्या नव्हत्या असे नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी गेल्या होत्या. त्यांच्यामागून पंडिता रमाबाई गेल्या होत्या. पण आनंदीबाई अठरा वर्षांच्या होत्या आणि रमाबाईंची विद्वत्ता जगाला ठाऊक होती. पार्वतीबाईंजवळ ना तारुण्य, ना पदवी, ना पैसा, ना इंग्रजी भाषा. खुद्द कर्वेही परदेशच्या प्रवासाला निघाले ते १९२९ साली, म्हणजे त्यांच्यानंतर अकरा वर्षांनी. विमाने नव्हती, बोटीने आठवडेच्या आठवडे प्रवास करावा लागे. पहिल्या महायुद्धाने सारे जग हादरून गेले होते. समुद्र ओलांडणे हेच पाप समजणारी माणसे घरोघरी होती. अशा वेळी देवरुखची ही विधवा सातासमुद्रापलीकडे जाऊन उभी राहिली.

तेथे पोट कसे भरावे? पार्वतीबाईंनी लोकांच्या घरी घरकाम पत्करले. झाडलोट करावी, भांडी घासावी, पडेल ते काम करावे आणि त्याबरोबर कानावर पडणारी भाषा शिकावी, असा त्यांचा तेथील दिनक्रम झाला. ज्या आश्रमात त्यांच्या शब्दाला मान होता, तेथून निघून परक्या देशात त्या मोलकरीण झाल्या. त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. काम हलके नसते, कामचुकारपणा हलका असतो, हे हिंगण्याच्या झोपडीत त्या कधीच शिकून चुकल्या होत्या. आणि हे श्रम कोणासाठी होते? स्वतःसाठी तर नव्हेच; स्वतःच्या मुलासाठीही नव्हे. ज्यांची नावेही अजून ठाऊक नव्हती, ज्या पुढे केव्हातरी हिंगण्याच्या दारात भ्यालेल्या मुद्रेने उभ्या राहणार होत्या, अशा मुलींसाठी होते. मावशीची माया याहून दूर कोठे पोहोचणार?

१९२० साली त्या स्वदेशी परतल्या. मिळविलेली मदत त्यांनी संस्थेला दिली आणि पुन्हा आपल्या कामास लागल्या. १९२८ साली त्यांनी आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्याचे नाव 'माझी कहाणी'. चातुर्मासात बायका देवापुढे बसून कहाण्या वाचतात. त्यांतल्या शब्दाची आठवण व्हावी असेच हे साधे नाव आहे. जस्टिन अॅबट या अमेरिकन गृहस्थांनी तिचे इंग्रजीत भाषांतर केले आणि ते १९३० साली प्रसिद्ध झाले. अॅबट यांनी महाराष्ट्रातील संतांची चरित्रे आणि काव्ये इंग्रजीत नेली होती. संतांची वाणी परदेशी पोहोचविणाऱ्या त्याच लेखणीने एका विधवेची कहाणीही परदेशी पोहोचविली, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे. कर्व्यांचे 'आत्मवृत्त' १९१५ साली आले होते; बायांचे 'माझे पुराण' १९४४ साली आले. एकाच घरातील तिघांनी आपापली हकीकत लिहून ठेवली आणि त्या तिहींत मिळून हिंगण्याच्या माळाची सारी कथा साठली आहे.

बाया १९५० साली गेल्या. पार्वतीबाई १९५५ साली निवर्तल्या. त्या वेळी त्यांचे वय पंच्याऐंशी वर्षांचे होते. त्यांच्या अनाथ बालिकाश्रमातून वाढलेली संस्था आज 'महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था' या नावाने ओळखली जाते. जेथे एकेकाळी एका झोपडीत मूठभर मुली शिकत, तेथे आज मुलींच्या शाळा व वसतिगृहे आहेत आणि मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. सकाळी तेथील रस्त्यावरून पाठीवर दप्तर घेतलेल्या मुली घोळक्याने, हसत-बोलत जाताना दिसतात. त्यांच्यापैकी कोणी मान खाली घालून, पदर पुढे ओढून चालत नाही. त्यांच्या समोरून जाण्याला कोणी अपशकुन मानीत नाही. हे सारे सहज वाटते. पण ते आपोआप घडलेले नाही.

पार्वतीबाईंच्या आयुष्याकडे मागे वळून पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. देवरुखच्या घरात त्यांना श्रद्धा मिळाली, ती त्यांनी शेवटपर्यंत टाकली नाही. परंतु ती देव्हाऱ्यापुरती ठेवली नाही. दिवा देव्हाऱ्यात लावला तर देवापुरता उजेड पडतो. तोच उंबरठ्यावर आणून ठेवला तर घरात देवही दिसतो आणि अंधारातून येणाऱ्याला वाटही दिसते. पार्वतीबाईंनी आपला दिवा हिंगण्याच्या उंबरठ्यावर आणून ठेवला.

स्वाध्याय

१. 'माय मरो, पण मावशी जगो' या म्हणीचा भावार्थ तुमच्या शब्दांत लिहा. ती पार्वतीबाईंना कशी लागू पडते?
२. बाया व पार्वतीबाई यांच्या विचारांत कोणता फरक होता? तो असूनही दोघींनी एकमेकींना कसे साहाय्य केले?
३. नव्या मुलीच्या वडिलांची भीती पार्वतीबाईंना पाहून का नाहीशी होई?
४. केशवपन सोडण्याचा निर्णय घ्यावयास पार्वतीबाईंनी इतकी वर्षे का लावली? त्यांचे थांबणे योग्य होते असे तुम्हांला वाटते काय? कारणे द्या.
५. 'काम हलके नसते, कामचुकारपणा हलका असतो' या विधानावर दहा ओळी लिहा.
६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : वाळीत टाकणे, शब्द झेलणे, वाहून घेणे, धास्ती ओसरणे.
७. तुमच्या घरातील किंवा शेजारातील एखाद्या वडीलधाऱ्या स्त्रीला तिच्या शाळेच्या आठवणी विचारा व त्या वहीत लिहून आणा.